शाब्बास म्हणायचं नाही

६ जानेवारी

दादा,

तू फोन कापतोस म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण लिहिलेला कागद फाडू नये हे आईने तुला माझ्याआधी शिकवलं आहे, तेव्हा त्या बाजूने मी निर्धास्त आहे.

पोचलो. खोली लहान पण माझी एकट्याची. लोखंडी कॉट, टेबल, भिंतीत खुंट्या आणि एक खिडकी, जिच्यातून थेट पागा दिसते. सकाळी डोळे उघडले की समोर अर्ध्या दारांवरून लांबोडकी तोंडं माझ्याकडे बघत असतात. वर्गात शिरताना जन्मभर जे वाटायचं तेच वाटतं: गृहपाठ यांच्यापैकी कोणीही केलेला नाही आणि विचारायची माझी छाती नाही.

निघताना तू दारात उभा राहून जे म्हणालास ते विसरलेलो नाही. "सहासष्टाव्या वर्षी घोड्यांच्या शाळेत नाव घालतोय! नापास झालास की मुकाट्याने इकडे राहायला यायचं. कायमचं. आणि मग कवितेतला क काढायचा नाही." मी 'कबूल' म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "कवितेचं राहू दे हो, माणूस राहायला आला म्हणजे झालं." तेव्हापासून तू बोलत नाहीस. पण पैज तू लावली आहेस आणि मी उचलली आहे. मार्चअखेर परीक्षा. पास झालो तर इथेच काम मिळेल. नापास झालो तर मी, माझी ट्रंक आणि तुझ्या मागच्या अंगणातली ती खोली.

तू विचारणार नाहीस, तरी सांगतो इथे काय शिकवतात. घोडेस्वारी नाही. पाठीवर कोणी बसतच नाही. शाळेत कुठेतरी अडलेली मुलं इथे येतात. कुणी बोलत नाही, कुणी मारतं, कुणी सारखं भेदरलेलं. त्यांना रिंगणात घोड्याबरोबर एखादं साधं काम द्यायचं. याला इथून तिथे ने. याला दोन दांड्यांच्या मधून काढ. दोरी न लावता. मूल जे घरी-दारी करतं तेच घोड्यापाशी करतं, म्हणजे ओरडतं, विनवतं, नाहीतर पाठ फिरवतं. घोडा त्याला मार्क देत नाही. तो नुसता हलतो किंवा हलत नाही. आणि आपण बाजूला उभं राहून मुलाला ते बघू द्यायचं.

तुला आठवतं, नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी इथे वर्गाची सहल आणली होती? एका मुलीचा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता. ती एका तट्टाला खणखणीत म्हणाली, "ए, सरक की जरा!" तट्टू सरकलं. मी तिला सबंध पाठ्यपुस्तक शिकवलं होतं दादा, आणि तिच्या तोंडून पहिलं वाक्य काढलं ते त्या तट्टाने. तेव्हापासून हे डोक्यात आहे.

तुझा धाकटा

१९ जानेवारी

दादा,

सध्या माझा दिवस लीद उचलण्याने सुरू होतो. हसू नकोस. त्यानंतर खरारा. घोड्याच्या अंगावर ब्रश गोल गोल फिरवायचा, मानेपासून मागे, आणि हात कधी अंगावरून उचलायचा नाही, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळत राहतं. मला दिलेली घोडी पांढुरकी, वयस्कर आणि नाक वर करून बघणारी. पागेतली माणसं तिला आत्याबाई म्हणतात. लग्नाच्या मांडवात पहिल्या रांगेत बसून सगळ्यांना नावं ठेवणारी आत्याबाई असते ना, तशीच ती बघते.

बघ. हे वाक्य इथे चालत नाही.

आमच्या शिकवणाऱ्या मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला कठड्याशी उभं केलं आणि विचारलं, "काय दिसतंय?"

मी म्हणालो, "घोडी उदास आहे. जणू कुणाची तरी वाट बघते आहे."

"सर, हे तुम्हाला दिसलं?"

"म्हणजे, वाटलं."

"वाटलेलं खिशात ठेवा. दिसलेलं सांगा."

"मान खाली आहे," मी म्हणालो. "डावा मागचा पाय टेकवलेला नाही, नुसता टोकावर ठेवलाय."

"आता बोललात. वाट बघते, उदास आहे, हे तुमचं तुमच्यापाशी. मुलाच्या कानात तुम्ही ते घातलंत की मूल घोडीकडे बघायचं सोडून तुमचं ऐकायला लागतं."

दादा, मी जन्मभर मुलांना उत्प्रेक्षा शिकवली. जणू, गमे, वाटे, भासे. माझ्या वर्गात ढग रुसायचे आणि झाडं हात जोडायची. आणि इथे 'जणू'ला बंदी! मग मला काय उरलं? नाम आणि क्रियापद.

शिवाय आणखी एक. रिंगणात 'शाब्बास' म्हणायचं नाही. अजिबात. मूल काही करतं आणि घोडा काही करतो, ती त्या दोघांमधली गोष्ट. आपण शाब्बास म्हटलं की मूल घोड्याला सोडून आपल्याकडे वळतं. मॅडम हे म्हणाल्या तेव्हा माझ्या तोंडून काय निघालं असेल? "शाब्बास, छान मुद्दा आहे."

माझ्या जोडीला एक सिस्टर आहे, म्हणजे हॉस्पिटलातली नर्स, चाळिशीची. जोडीत एकाने घोडा बघायचा, एकाने मूल. ती घोडा बघते, मी मूल बघणार. ती म्हणते, "सर, आत्याबाईला नको, तुम्हालाच मुसकं घालते."

माझ्या पायाला काही झालेलं नाही. वहिनींच्या कानावर काही आलं असेल तर ते फुगवून आलं असेल.

तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

दादा,

बरं, पायाला झालं आहे. आत्याबाई माझ्या अंगठ्यावर उभी राहिली. तिला हलवायला मी जोर लावला, तर ती उलट माझ्यावर रेलली. सिस्टरने तिच्या खांद्याला बोट लावलं तशी ती बाजूला झाली. नख काळंनिळं आहे, बाकी ठीक. दुडक्या चालीत तिच्या टापा ऐकल्यास तर तू मला माफ करशील. लघू-गुरू, लघू-गुरू. आपण पत्र्याच्या ट्रंकेवर ताल धरून कविता म्हणायचो ते आठवलं. मी म्हणायचो, तू वाजवायचास, आणि मी वृत्तात चुकलो की तुझी चापट ट्रंकेऐवजी माझ्या पाठीत. घड्याळं दुरुस्त करायला तू नंतर शिकलास, पण टिकटिक तुझ्या हातात आधीपासून होती.

वहिनींशी फोनवर बोललो. तू माझी पत्रं हातातसुद्धा धरत नाहीस म्हणे. त्याच मोठ्याने वाचतात आणि तू भिंतीकडे तोंड करून ऐकतोस. इतका राग, दादा? निदान पाकीट तरी उघडत जा. तुझ्या डोळ्याला भिंग लावून माझ्या चुका काढायला तरी.

खरं लिहायचं होतं ते हे की मला मूल मिळालं. अकरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, गणवेशाचे बूट. तिच्या शाळेने पाठवली. हुशार आहे, सगळं ऐकते, कुणाला त्रास देत नाही. त्रास एकच. ती प्रत्येक गोष्टीनंतर विचारते, "बरोबर ना?" पेन्सिल ठेवली, बरोबर ना? पाणी प्याले, बरोबर ना? कुणी 'हो' म्हटल्याशिवाय तिचं पुढचं पाऊल पडत नाही. हल्ली शाळेत ती उत्तरपत्रिका कोरी देते. चुकण्यापेक्षा कोरी बरी.

आणि दादा, अशा मुलीसमोर उभं राहून 'हो गं, बरोबर' न म्हणणं किती कठीण आहे! सबंध जन्म माझा तोच धंदा होता.

तुझा धाकटा

११ फेब्रुवारी

दादा,

मी चुकलो.

दुसऱ्या भेटीत मुलगी आत्याबाईजवळ गेली. हात लांब केला. घोडीने नाक तिच्या तळव्याला लावलं. मुलीने माझ्याकडे बघितलं, डोळे असे लकाकलेले, आणि विचारलं, "बरोबर ना, आजोबा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास! तू आवडलीस तिला!"

काय हसली ती! मला वाटलं, असू देत नियम. अशा हसण्यासाठी माणूस मास्तर होतो. सिस्टरने माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उंचावल्या.

काल ती पुन्हा आली. हात लांब केला. आत्याबाई वळली आणि गवताकडे निघून गेली. घोडीला गवत दिसलं असेल. माशी चावली असेल. काही नसेलही. पण मुलीला मी सांगून ठेवलं होतं ना की घोडी तिथे आवडण्या-नावडण्यासाठी उभी आहे! ती हात तसाच धरून उभी राहिली आणि मग माझ्याकडे वळली.

"आजोबा, त्या दिवशी आवडले होते. आज माझं काय चुकलं?"

मी म्हणालो, "काही चुकलं नाही गं."

"मग ती गेली का?"

त्यानंतर तिने घोडीकडे बघितलंच नाही. सबंध वेळ ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. केस नीट केले, बरोबर ना? इथे उभी राहू, बरोबर ना? जे घरून घेऊन आली होती ते मी दुप्पट करून तिच्या हातात दिलं.

मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, तुम्ही मायाळू आहात. म्हणूनच जास्त जपायला हवं. परीक्षा याच मुलीबरोबर द्यायची. तिथे पुन्हा असं झालं तर मी तुम्हाला मुलांबरोबर उभं करू शकणार नाही."

"दुसरं कोणी चांगलं उभं राहील तिच्याजवळ," मी म्हणालो.

"तुमचं 'शाब्बास' तिच्या मनात बसलंय. दुसऱ्याला ते कसं काढता येईल?"

खोलीवर येऊन ट्रंक उघडून बसलो होतो. मग सिस्टर चहा घेऊन आली आणि ट्रंकेकडे बघत म्हणाली, "उद्या लीद कोण उचलणार? माझ्या वाट्याला नको हं." ट्रंक बंद केली.

तुझा धाकटा

१ मार्च

दादा,

इथे सगळं ठीक आहे. अंगठ्याचं नख पडलं, नवं येतंय. थंडी उतरली.

(वहिनी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका, मनात वाचा. काल फोनवर तुम्ही आवाज खाली करून सांगितलंत ते ऐकून मी पागेच्या पायरीवर बसूनच राहिलो. म्हणजे खुळा मीच. दादा पत्र हातात धरत नाही, एवढंच मला कळलं होतं. 'रागावला आहे' हे माझं माझ्या पदरचं. त्याला आता दिसत नाही हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. भिंग लावून चुका काढ असं लिहिलं मी त्याला! तुम्ही तेही वाचून दाखवलंत का? दाखवलं असेल. आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला.

फोन कापतो कारण माझा आवाज ऐकला की सगळं सांगून टाकावंसं वाटतं, असं तुम्ही म्हणालात. मला कळलं तर मी परीक्षा सोडून येईन म्हणून त्याने तुम्हाला शपथ घातली, असंही म्हणालात. वहिनी, मी खरंच निघालो होतो. मग विचार केला, पैज आहेच की. नापास झालो तर यायचंच आहे. रिंगणात एकदा 'शाब्बास' म्हटलं की झालं. तुम्ही शपथ मोडलीत हे दादाला कळत नाही, तुमच्यावर आळ येत नाही, आणि मी त्याच्याजवळ असेन. इतकं सोपं.

पण ती मुलगी आहे ना मध्ये. मी मुद्दाम नापास व्हायचं म्हणजे तिला पुन्हा एकदा फसवायचं. ते हातून होणार नाही. तुम्ही त्याला काही सांगू नका. इथे कंस संपला.)

दादा, वहिनी मध्येच थांबल्या असतील तर त्यांच्या घशात काही अडकलं असेल. बदलती हवा.

पैज कायम आहे. हरायला मी आलेलो नाही.

सकाळी पागेसमोरची जमीन तांबूस असते. आत्याबाई बाहेर येते तेव्हा आधी उजवा पुढचा पाय टाकते, थांबते, मग बाकीची येते. पाठीवर मानेपाशी तळहाताएवढा राखी डाग आहे. शेपटीत आज गवताची काडी अडकली होती. तुला हे सगळं उगीच वाटेल. पण मला लिहावंसं वाटलं, इतकंच.

तुझा धाकटा

२८ मार्च

दादा,

परीक्षा झाली. निकाल कळायचा आहे. जसं घडलं तसं लिहितो.

परीक्षक बाहेरगावचे, कठड्याला रेलून उभे. मॅडम लांब. सिस्टर घोडीच्या अंगाला, मी मुलीच्या. रिंगणात आत्याबाई मोकळी. जमिनीवर दोन लाकडी दांड्या, समांतर, त्यांच्यात एका घोड्यापुरती वाट. मुलीला काम दिलं: "घोडीला या दोन दांड्यांच्या मध्ये आणून उभी कर. दोरी नाही." आत्याबाई रिंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला.

मुलगी तिच्याकडे गेली. हाका मारल्या. मागे गेली, पुढे गेली. टाळ्या वाजवल्या. घोडीने एकदा मान वळवली आणि परत जमीन हुंगायला लागली. मुलगी माझ्याकडे आली.

"आजोबा, मी मागून ढकलू का? बरोबर ना?"

"मागून नको. लाथ लागेल. तेवढा एक नियम आहे. बाकी तू ठरव."

"म्हणजे काय करू?"

"तुला काय वाटतं?"

"सगळे आधी असंच विचारतात," ती म्हणाली, "आणि मग चूक म्हणतात."

दादा, हे वाक्य मी कितीदा तरी कमावलं असेल, वेगवेगळ्या मुलांकडून. कोणी तोंडावर बोललं नव्हतं, एवढंच.

"मी इथे चूक आणि बरोबर द्यायला उभा नाही," मी म्हणालो. "मी फक्त बघतोय."

"मग तुमचा उपयोग काय?"

सिस्टरला जोरात खोकला आला. मी म्हणालो, "बघायला कोणीतरी लागतं ना."

ती चिडली. पहिल्यांदा चिडलेली बघितली मी तिला. बुटाने माती उडवली, आणि सगळ्यांकडे पाठ करून खाली बसली. वेण्या पुढे ओढल्या आणि बसून राहिली.

कुणीच काही करत नव्हतं. परीक्षक हलत नव्हते. घोडी हुंगत होती. मला काय काय म्हणावंसं वाटत होतं, सांगू? 'ऊठ बेटा.' 'तुला जमेल.' 'तू हुशार आहेस.' ओठांपर्यंत येत होतं सगळं. मी मनातल्या मनात एक जुनी शाळेतली कविता म्हणायला घेतली, पहिल्या कडव्यापासून, तुझ्या ट्रंकेच्या तालावर. ती संपली. दुसरी घेतली. दुसरीचं तिसरं कडवं मला आता येत नाही, हेही त्यात कळलं. आणि खरं सांगू, मला तूही आठवलास. एक शब्द, दादा. एकच शब्द तोंडातून सुटला असता की मी तुझ्या दारात.

मुलगी उठली. दांड्यांपाशी गेली. त्यातल्या एकीचं टोक दोन्ही हातांनी उचललं आणि ओढायला लागली. जड होती. मातीत लांब रेघ उमटत गेली. मला कळेना ही काय करते आहे. ती दांडी ओढत, थांबत, धापा टाकत आत्याबाईपर्यंत गेली आणि तिच्या एका बाजूला टाकली. घोडीने डोकं वर केलं, एक पाऊल बाजूला झाली, थांबली. मुलगी परत आली. दुसरी दांडी नेली. ती घोडीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. मग पायाने सरकवून सरकवून दोन्ही सरळ केल्या.

आत्याबाई दोन दांड्यांच्या मध्ये उभी होती.

आता ती वळेल, मी म्हटलं. आता विचारेल. मी अंग आवळून उभा. ती वळली नाही. हाताची माती फ्रॉकला पुसली, घोडीकडे बघितलं आणि म्हणाली, "हं. झालं."

आणि गेली. नळावर हात धुतले, शाळेच्या गाडीत जाऊन बसली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सबंध नोकरीत कुणाचं न बघणं मला इतकं लागलं नव्हतं, आणि इतकं गोडही नव्हतं वाटलं.

परीक्षक आत आले.

"काम झालं का?"

"घोडी दोन दांड्यांच्या मध्ये उभी आहे," मी म्हणालो.

"दांड्या हलवायच्या असं ठरलं होतं?"

"हलवायच्या नाहीत असंही ठरलं नव्हतं."

"तिने का हलवल्या, तुमच्या मते?"

दादा, उपमा तयार होती. दृष्टांत तयार होता. दोन ओळींत त्या मुलीचा सबंध स्वभाव उलगडून सांगितला असता मी, आणि सगळे वा म्हणाले असते. मी म्हणालो, "ठाऊक नाही. तिला विचारावं लागेल."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि आत्याबाईच्या मानेवर थाप मारून निघून गेले. त्यांचा चेहरा कसा होता ते मी लिहीत नाही. टोपण लावलं, इतकं दिसलं.

तुझा धाकटा

४ एप्रिल

दादा,

पास.

सिस्टरही पास. ती मला म्हणाली, "सर, आज तरी म्हणा की हो!" मग मी पागेबाहेर येऊन, रिंगणापासून चांगला लांब, तिला मोठ्याने शाब्बास म्हणालो. तीन महिन्यांचं साठलेलं होतं, घोडे दचकले.

त्या मुलीच्या शाळेकडून कळलं, तिने गणिताची उत्तरपत्रिका लिहून दिली. निम्मी चुकलेली आहे. कोरी नाही.

मॅडमनी मला पुढच्या महिन्यापासून काम दिलं आहे. म्हणजे पैज मी जिंकली. मला तुझ्याकडे कायमचं राहायला यावं लागणार नाही.

वहिनी, आता पुढचं मोठ्याने वाचा. कंस नाही.

दादा, मला कळलं आहे. वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी शपथ मोडली ती माझ्या आरड्याओरड्यामुळे. तू पत्रं हातात धरत नाहीस म्हणून मी त्यांना नको नको ते बोललो होतो. तुझी शपथ फुकट गेली नाही. मी परीक्षा दिली, आणि हरायचा विचार मनात येऊनही हरलो नाही.

तुला काय वाटत असेल, अंधारात काय होत असेल, घड्याळाचे बारीक स्क्रू चिमट्यात धरणाऱ्या माणसाला हे कसं सोसवत असेल, यावर मी पूर्वी चार पानं लिहिली असती. तू ती भिंतीकडे तोंड करून ऐकली असतीस. आता लिहीत नाही. मला ते ठाऊक नाही. तुला विचारायला हवं.

म्हणून विचारतो. गवताच्या कोठारामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. मॅडमची हरकत नाही. पायऱ्या नाहीत, वाट सरळ, नळ दाराशी. तू आणि वहिनी काही दिवस याल का? कायमचं नाही. तू मला 'कायमचं' म्हणालास आणि मी घाबरलो, तेव्हा तुला मी ते म्हणणार नाही. करमलं नाही तर पोचवायला मी येईन.

यायचं नसेल तर तसं सांग. मी तिकडे येईन, रजा काढून, पैज जिंकलेला पाहुणा म्हणून. पोळीवर तूप मात्र जास्त लागेल.

रविवारी सकाळी फोन करतो. कापू नकोस. बोलायचं नसेल तर नुसता धर.

तुझा धाकटा

८ एप्रिल

दादा,

काल तू फोन धरलास. वहिनींनी रिसिव्हर तुझ्या हातात दिल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा. बराच वेळ तू बोलला नाहीस. मीही नाही. हल्ली जमतं मला.

मग तू विचारलंस, "ती आत्याबाई चावते का रे?"

चावत नाही म्हणायचा मोह झाला. म्हणालो, "चावते. कधी कधी."

"आणि मला कळणार कसं?"

त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही. म्हणून आता देतो. तुम्ही दोघं गुरुवारच्या गाडीने याल तेव्हा मी फाटकाशी असेन. तुझा हात धरून तिच्यापर्यंत नेईन आणि मानेवर ठेवीन, त्या राखी डागाच्या जरा खाली, तिथलं कातडं मऊ आहे. मी शेजारी उभा. ती चावायच्या आधी तिचे कान मागे जातात. तुला घाबरू नकोस म्हणणार नाही, ती प्रेमळ आहे म्हणणार नाही. "कान मागे गेले," इतकंच म्हणेन. तू हात काढून घे.

तुझा धाकटा